बोटभर सरकलेला रिट्रॅक्टर

आमची ताई तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होती. तिचं मुख्य काम रिट्रॅक्टर धरण्याचं. पोटातलं नको ते बाजूला सारून हवं ते डॉक्टरांना दिसावं, म्हणून धरायचा तो वाकड्या, रुंद पात्याचा दांडा. ही सवय घरीही सुटली नाही. दाजी कपाटात मोजे शोधायला वाकले, की ही शर्टांचा गठ्ठा दोन्ही हातांनी बाजूला धरून विचारणार, "दिसतंय?" बिचाऱ्यांना मोजे सोडून सगळं दिसायचं.

थिएटरातही दर दोन मिनिटांनी हेच. "डॉक्टर, दिसतंय?" आणि विचारता विचारता पातं केसभर हलवायची. त्या केसभरात निम्मं ऑपरेशन सोपं होतं, हे डॉक्टर तिच्या माघारी कबूल करत. तोंडावर कोण करतो!

एकदा शिवणकाम करणाऱ्या एका बाईची गर्भपिशवी काढायची होती. आधीची तीन सिझेरियन, त्यामुळे आत सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं. डॉक्टर घामाघूम. ताईने चौथ्यांदा विचारलं, तेव्हा ते खेकसले, "सिस्टर, दांडा धरलाय तशी जरा जीभही धरा!"

सगळे हसले. ताई फुगली. आता विचारतील तेव्हाच बोलेन, असं तिने मनाशी ठरवलं.

थोड्या वेळाने हाताला रग लागली आणि पातं बोटभर सरकलं. मूत्रपिंडाकडून येणारी नाजूक नलिका त्याच्या कडेआड गेली. ताईला ते कळलं. तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले. तेवढ्यात डॉक्टरांनी चिमटा लावून टाका घातला.

चौथ्या दिवशी बाईला ताप आणि पाठीत कळा. टाक्यात नलिका आवळली गेली होती. तीन महिने लघवी बाहेर काढायला पाठीतून नळी, मग दुसरं ऑपरेशन. "चूक माझी," म्हणत डॉक्टरांनी बाईची माफी मागितली. ताईचं नाव कुणी घेतलंच नाही.

"बाई बरी झाली ना? मग कशाला खपली काढतेस?" ताई त्या बाईला सगळं सांगायला निघाली, तेव्हा मी म्हणालो.

"गप्प कसं बसायचं ते मला शिकवू नकोस," ताई म्हणाली.

ती बाईच्या दुकानात गेली. स्टुलावर बसून सगळं सांगितलं. शिलाई मशीन थांबलं.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"राग डॉक्टरांचा आला होता ना हो," बाई म्हणाली, "मग काढलात तो माझ्यावर का?"

ताईने बोलायला तोंड उघडलं, पण बाईने मशीन सुरू केलं होतं.