मर्यादवेल कोणी उपटली

मुंबईच्या एका संस्थेने आमच्या वाडीला फसवलं. मला नाही, वाडीला. पण सौदा मी केला होता, म्हणून बोल मला लागतो.

मी डोक्यावर बोंबलाची टोपली घेऊन काशीदच्या बाजूची गावं पायी फिरलेली बाई. आज माझं बर्फाचं गोदाम आहे, माझा टेम्पो आहे. हे सगळं भाव करून उभं केलं. माझ्याशी भाव करायला अलिबागचे व्यापारीही दोनदा विचार करतात.

आमच्या वाडीच्या पुढे वाळूचा उंच बांध होता. माणसांनी बांधलेला नव्हे, समुद्राने आणि मर्यादवेलीने मिळून केलेला. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूवर पसरते आणि वाळू धरून ठेवते. वादळात सुरूची झाडं पडली तेव्हा आम्ही ती उचलली नाहीत. आडव्या खोडांना वाळू अडते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. बांधाच्या मागे आमची विहीर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून गोड्या पाण्याची. बांध राहिला तर विहीर राहील. म्हणून होड्या बंद असतील त्या दिवशी घरटी एक माणूस किनाऱ्यावर यायचं, पर्यटकांच्या बाटल्या उचलायचं, वेल लावायचं. कोणी मजुरी मागितली नाही. न आलेल्या घराला बायका पाणी भरताना टोमणे मारायच्या, तेवढाच दंड.

मग संस्थेचा तो तरुण आला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं मऊ.

"मावशी, तुम्ही इतकं काम करता, तेही फुकट! एका कंपनीचं अनुदान आहे, अशाच कामासाठी. तुमची नोंदणी नाही, म्हणून अर्ज आम्ही करू."

मी त्याला ओट्यावर बसवला आणि पिळला. तो हातमोजे म्हणाला, मी हातगाड्या मागितल्या. तो रोपं म्हणाला, मी वाळू धरणाऱ्या केवड्याचीच मागितली. शेवटी बांधावर घोडे आणि गाड्या चढू नयेत म्हणून कुंपण आणि सुट्ट्यांच्या दिवसांत राखणदार, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. माझी जाऊ बाजूला बसून हसत होती. "सोड ग त्याला आता, रडंल तो!"

आमच्याकडे मासळीच्या लिलावात शेवटची बोली चार जणींच्या कानावर पडली की सौदा फिरत नाही. कागद नाही, सही नाही. मी त्याला वाडीतल्या चार बायकांसमोर सगळं पुन्हा बोलायला लावलं. तो बोलला. माझ्या मते सौदा पक्का झाला. त्याच्या मते काय झालं, ते मला आजही कळलेलं नाही.

अनुदान आलं त्या आठवड्यात मी भाचीच्या लग्नाला म्हसळ्याला होते. परत आले तर लांबूनच समुद्र दिसला. आमच्या गल्लीतून समुद्र कधी दिसत नसे. मध्ये बांध असे.

कंपनीचे साहेब येणार होते, म्हणून किनारा स्वच्छ दिसायला हवा होता. जेसीबीने खोडं ओढून काढली, वाळू सपाट केली. आणि वेल? वेल आमच्याच बायकांनी उपटली. संस्थेने दिलेले टी-शर्ट लुगड्यावर घालून, हाताने, मुळासकट. मोकळ्या जागेत शोभेची रोपं रांगेत लावली होती. कडेला फलक होता. केवडा नव्हता, कुंपण नव्हतं.

मी जावेवर ओरडले. "तुला वेल म्हायती न्हाय? अकला विकल्या का?"

ती थंडपणे म्हणाली, "तूच बोललीस ना त्यांच्याशी? चार जणींच्या पुढ्यात? मी बी त्यातली एक व्हते. मग ते सांगतील तसं करायचं न्हाय तर काय? तुजा शबुद मोडायचा?"

मी भाव केला होता, त्याने माल बदलला होता, आणि वाडीने माझ्या शब्दाला जागून तो बदललेला माल घेतला होता.

पावसाळ्यात उधाणाचं पाणी सरळ आत आलं. रोपं पहिल्याच उधाणात वाहून गेली. मग विहिरीचं पाणी मचूळ झालं. डाळ शिजेना. आता बायका रस्त्यावर टँकरची वाट बघत उभ्या असतात.

मी फोन केला. तो तितकाच मऊ बोलला. "मावशी, प्रकल्प पूर्ण झाला. अहवालही गेला. पुढच्या टप्प्यासाठी बघू या."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्याने माझा फोन उचलणं बंद केलं.

विहिरीपेक्षा वाईट पुढेच झालं. मी वेलीची कांडी आणून पुन्हा लावू या म्हणून घरोघर फिरले. कोणी आलं नाही. एका दारात म्हातारा जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला, "ज्यांना पैसं आलं त्यांनी करावं. आमी कशाला?" दुसऱ्या दारात बायका बसल्या होत्या, त्यातल्या एकीने तर तोंडावर विचारलं, "काय ग, तुला किती सुटलं? तू काय फुकट भाव करतेस?" सगळ्या खदखदून हसल्या. आयुष्यभर भाव करून नाव कमावलं, तेच नाव माझ्याविरुद्ध पुरावा झालं. मी छदामही घेतला नाही, हे कोणाला पटणार?

मी एकटीने कांडी लावली. सुट्टी आली, घोडेवाले त्यावरून गेले. पुन्हा लावली, पुन्हा गेले. आता लावत नाही. होड्या बंद असतात त्या दिवशी वाडी झोपते. श्रमाला पैसे मिळतात हे एकदा ऐकलं की ते काम फुकट करायला हात उठत नाहीत, आणि वाडीच्या हातात पैसे तर आलेच नाहीत. ही गोष्ट कोणतंही अनुदान भरून देणार नाही.

तरी मला एक हवंच आहे. त्या तरुणाने यावं. साहेबांना घेऊन नको, फलक घेऊन नको. टँकरच्या रांगेत उभं राहावं आणि मोठ्याने सांगावं, अनुदान कोणी घेतलं, कशावर खर्च केलं, आणि बांध पाडायचं कोणी ठरवलं. माझं नाव घ्यायचं असेल तर माझ्या तोंडावर घ्यावं. तो येत नसेल तर ज्या कंपनीने पैसे दिले आणि येऊन टाळ्या वाजवल्या, तिने यावं. पण कोणीतरी या आणि बोला. या बायकांनी पाणी कोणाला मागायचं?