कंपनीचीच पुली

हे मी आजवर कुणालाच बोललो न्हाई. बायकोला न्हाई, गॅरेजातल्या पोरांना न्हाई. देवापुढं हात जोडले तरी एवढं सोडून बाकीचं बोलतो — म्हंजे बघ. तुला सांगतोय गड्या, कारण तू वाचणारा, मला तोंडानं ओळखत न्हाईस. आन् परवापासनं छाती अशी भरून आलीय की ती उतरायच्या आत सांगून टाकावं म्हणतो.

छाती का भरून आली? ते सांगतो. आधीचं आधी.

इस्लामपूरकडनं सांगलीला जाताना रस्त्याच्या कडंला माझं गॅरेज हाय. मला सगळे 'वस्ताद' म्हणत्यात. कुस्तीचा वस्ताद न्हाई हां — तालमीत एकदाच गेलो, तर मातीनं शिंका आल्या. मी इंजिनाचा वस्ताद. कंपनीतनं आलेल्या गाडीत फेरफार करून तिची ताकद वाढवायची, त्याला ट्यूनिंग म्हणत्यात, ते मी करतो. कोल्हापूर, विजापूर, पार पुण्यासनं गाड्या येत्यात. येणारा प्रत्येक जण एकच इचारतो — वस्ताद, ट्यूनिंग करून खरंच फायदा होतोय का? मी भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवतो. फोटोत मी हाय, डोक्याला फेटा, तोंड गुलालानं माखलेलं, मागं लालभडक गाडी. माणूस मुकाट्यानं किल्ली काढून देतो.

त्या फोटोत मी नसायला पायजे होतो. दुसरंच कोणतरी पायजे होतं. थांब — असं एकदम न्हाई सांगता यायचं.

गाडी अण्णांची. अण्णा म्हंजे कवठे महांकाळकडचे बेदाण्याचे व्यापारी. माणूस दिलदार, पण डोक्यात एकदा घेतलं की घेतलं. त्यांनी मुंबईतनं कुणाकडनं तरी एक अमेरिकन गाडी आणली. आठ सिलिंडरचं इंजिन, खोंडाच्या छातीगत बॉनेट, आन् वर कंपनीनंच बसवलेला सुपरचार्जर — म्हंजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, इंजिनात हवा कोंबणारा. पहिल्यांदा चालू केली तवा शेजारच्या कोंबड्या पत्र्यावर गेल्या. आईशप्पथ, असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. कानात न्हाई, पोटात घुमायचा.

अण्णा म्हणाले, "वस्ताद, हिला अजून पळवा."

आता खरं सांगू? त्या गाडीला हात लावायचं कारणच नव्हतं. जिथं कंपनीनंच हवा ठासून भरलीय, तिथं आपण अजून कोंबायची तर पेट्रोल तसं पायजे, इंजिनाला थंडावा तसा पायजे, टायर तसं पायजे. आन् अण्णांच्या तिकडं उन्हाळ्यात डांबर पाघळतंय! मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. मग सरळ न्हाई म्हणायचं की. पण न्हाई म्हणणाऱ्याला वस्ताद कोण म्हणतंय? मी म्हणलो, करू की अण्णा, त्यात काय.

सुपरचार्जरची मूळ पुली काढली, बारकी बसवली. पुली बारकी म्हंजे पंपाचे फेरे जास्त, हवा जास्त. गाडीच्या कॉम्प्युटरमधी त्याजोगा नवा प्रोग्राम घातला, त्याला आमी मॅप म्हणतो. अण्णांनी तेवढ्यात सगळ्या तालुक्यात बोभाटा केला — वस्तादानं गाडीत भूत घातलंय, आता शिरवळला गाड्यांची शर्यत हाय, तिथं बघाच.

भूत कसलं! माळावरच्या रस्त्याला चालवून बघितली. पहिल्या फेरीला अशी सुटली की मीच ओरडलो. दुसऱ्या फेरीला जरा जड वाटली. तिसऱ्याला आतनं आवाज यायला लागला, डब्यात खडे हलवल्यागत. इंजिन तापून आतल्या आत ठोकत होतं, आन् गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला आपणच ताकद काढून घेत होता. म्हंजे एवढी उठाठेव करून गाडी पहिल्यापरास हळू झालेली. वर अजून चार फेऱ्या मारल्या असत्या तर इंजिनच हातात आलं असतं.

मी काय केलं? शर्यतीच्या आदल्या दिवशी भर दुपारी पोरांना जेवायला पिटाळलं, शटर खाली ओढलं, आन् कंपनीची पुली परत बसवली. कंपनीचा मॅप परत घातला. गाडी जशी आली होती तशी. नुसतं तोंडानं सांगायचं राहिलं होतं — अण्णा, माझ्यानं न्हाई झालं, गाडी होती तशीच हाय. एवढंच. ते काय सांगितलं न्हाई.

आन् हे बघ, एवढ्यावर भागलं असतं तर मी ह्याला नुसती थाप म्हणलो असतो. थापा सगळेच मारत्यात. पण मी हरायची तयारीबी करून ठेवली होती. गाडी हरली तर काय बोलायचं ते पाठ केलं होतं — गाडीत ताकद होती अण्णा, वैनींचा पाय कमी पडला.

वैनी म्हंजे वैशालीवैनी, अण्णांची सून. तिचा नवरा माझा आयटीआयचा दोस्त, तो फौजेत. गाडी चालवणार होता अण्णांचा पुतण्या सुशांत, पण तो मोटारसायकलवरनं पडला आन् हात प्लास्टरमधी घेऊन बसला. ऐन येळंला कोण बसणार? घरात गाडीवर हात असलेली एकच, वैनी. तिला गाडी कशी येत होती? पाण्याच्या टँकरनं. त्यांच्या भागात पाणी टँकरचं. लग्न होऊन आल्यापासनं ट्रॅक्टर जोडून टँकर तीच आणायची. टँकरचं झाकण तुटलेलं. चढावर जरा हिसका बसला की अर्धं पाणी रस्त्यावर, आन् घरी बायका घागरी घेऊन उभ्या. म्हणून तिनं पायाला असं वळण लावलं होतं की गाडी कवा हलली ते पाण्यालाबी कळू नये.

आता शर्यत. शिरवळच्या बाजूला कारखान्यांसाठी केलेला एक सरळसोट रस्ता, अजून चालू न झालेला. रीतसर परवानगी, दोन्ही अंगाला बांबू बांधलेले, ॲम्ब्युलन्स उभी. दोन-दोन गाड्या सोडायच्या, हरंल तो बाहेर. पुण्याच्या गाड्या अशा नटलेल्या की वरातीचा घोडा बरा. ऊन म्हणतंय मी. आन् आमची वैनी डोक्यावर हेल्मेट, अंगावर पंजाबी ड्रेस, पायात काय न्हाई. चप्पल काढून बसली. म्हणाली, "भावजी, पायाला पॅडल लागल्याबिगर मला कळत न्हाई."

झेंडा पडला, आन् गड्या, काय सांगू तुला! शेजारच्या पुणेकरानं पॅडल दाबलं तशी त्याची मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली. नुसता धूर! तेवढ्यात आमची लाल गाडी गेली. चाकांचा आवाज न्हाई, हिसका न्हाई, टँकर निघावा तशी निघाली आन् मग जो पंप गरजला — बाऽऽप रे बाप! दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्याला तेच. इतरांच्या गाड्या उन्हानं दमत चालल्या, मॅप बदललेल्यांना तर धाप लागली, आन् कंपनीची पुली घेतलेली आमची गाडी आपली पहिल्यासारखीच. शेवटच्या फेरीला समोर कोल्हापूरचा एक जण होता, त्याची गाडी ताकदीला आमच्या दीडपट. वैनीनं त्याला एवढ्या अंतरानं हाणला की तो काच खाली करून बघायला लागला, गेली कुठं म्हणून. मी नाचलो. अण्णा नाचले. प्लास्टर घेऊन सुशांतबी नाचला. तसा दिवस परत न्हाई बघितला मी.

आता इथनं पुढचं सांगायचं म्हंजे — सांगतो.

आमच्या भागात पैलवान जिंकला की पहिला फेटा वस्तादाला. पैलवान वस्तादाच्या पाया पडतो, मग त्याच्या अंगावर गुलाल. ही रीत हाडात मुरलेली. वैनी गाडीतनं उतरायच्या आत लोकांनी मला खांद्यावर घेतलं. फेटा माझ्या डोक्याला, गुलाल माझ्या तोंडाला. हलगी माझ्यापुढं. जिनं गाडी चालवली ती गर्दीतनं वाट काढत अनवाणी आली, आन् — हे मला अजून पचलं न्हाई — माझ्या पाया पडली. माझ्याच वयाची बाई. डोळ्यांत पाणी. म्हणाली, तुमी काय यंत्र केलंय भावजी, मी नुसती बसलेली. मी मागं सरलो का? न्हाई. तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला मी तिला!

तरीबी हे न्हाई. ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून पुढंच हाय.

जेवणं चालली होती. अण्णा खुशीत होते. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "वस्ताद, मशीनच असं केलंय तर कुणीबी बसलं तरी जिंकलंच की. पुढच्या बारीला सुशांत बसंल. सूनबाईला कशाला तरास? काय, खरं न्हवं?"

वैनी वाढत होती. आमटीचं भांडं हातात घेऊन थांबली. अण्णांकडं न्हाई बघितलं तिनं, माझ्याकडं बघितलं. तिला खरंच ऐकायचं होतं. गाडीतलं मला कळतंय, तिला वाटत होतं. मी न्हाई म्हणलो असतो तर अण्णांनी ऐकलं असतं, एवढा त्यांचा माझ्यावर इश्वास. एक शब्द पायजे होता.

मी म्हणलो, "व्हय."

तिनं मान हलवली आन् पुढच्या पानात आमटी वाढली. परत त्या गाडीत ती कधी बसली न्हाई. भांडली न्हाई, रुसली न्हाई. तिला पटलंच होतं ते. एवढा मोठा वस्ताद म्हणतोय म्हणल्यावर का पटू नये?

पुढच्या साली सुशांत बसला. पहिल्याच फेरीला चाकं फिरवत धुरात हरवला. अण्णा माझ्याकडं आले आन् काय म्हणाले ठाऊक हाय? ट्यूनिंग कमी पडलं. हसू नगंस. मी अजून ट्यूनिंग केलं! त्याच्यावर माझं दोन मजली गॅरेज उभं राहिलं. आन् फायदा होतोय का म्हणून इचारणाऱ्याला मी आजबी फोटोच दाखवतो.

आता परवाचं. शिरवळलाच. ह्या साली लहान गाड्यांचीबी शर्यत ठेवली होती. मी फीत कापायला पाहुणा. रांगेत बघतो तर वैशालीवैनी! शाळेची व्हॅन चालवती ती आता. तिनं स्वतःची एक साधी गाडी घेतलेली, शोरूममधनं आली तशी, आरशाला लिंबू-मिरची. बाकीच्या गाड्यांत निम्म्यांच्या काचंवर माझ्या गॅरेजचं स्टिकर. मी मनात म्हणलो, अरं देवा.

एकेक करून सगळ्यांना झोपवलं तिनं. सगळ्यांना! माझ्या स्टिकरवाल्यांना पहिलं. बांबूच्या कडंला तिच्या व्हॅनमधली पोरं आन् त्यांच्या आया घसा फाटंस्तोवर ओरडत होत्या, आन् पाहुण्याच्या खुर्चीवर उभा राहून मीबी ओरडत होतो, माझ्याच गाड्या हरताना! असा आनंद मला माझ्या फेट्याच्या दिवशी झाला नव्हता. लोक तिच्याभोवती जमले, इचारायला लागले, ट्यूनिंग कुणाचं? ती म्हणाली, कुणाचंच न्हाई. ह्या बारीला गुलाल तिच्या अंगावर पडला.

मग ती धावत माझ्याकडं आली. पाया न्हाई पडली. तोंडभर हसली आन् म्हणाली, "भावजी, मागली जीत तुमची होती. ही मातूर माझी, पहिलीवहिली."

मी शाब्बास म्हणलो. तेवढंच म्हणलो. तिथंबी तोंड उघडलं न्हाई.

म्हणून हे लिहितोय, आन् छापून आलं की तिच्या दारात नेऊन देणार हाय. त्या दिवशी लाल गाडीला कंपनीची पुली होती, कंपनीचा मॅप होता. माझा त्यात एक नटसुद्धा नव्हता. मला ते ठाऊक होतं, आन् तिनं माझ्याकडं बघितलं तवा मी व्हय म्हणलो.

परवाची तुझी दुसरी जीत होती, वैनी. पहिली मी घेतली होती.