मुसळावर गुंडाळलेली दुर्बीण

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. जानेफळात आमचं घर गावाच्या कडेला होतं. अंगण संपलं की पूर्वेला नुसती शेतं. माय संकष्टी धरायची आणि चंद्र पाहूनच उपास सोडायची. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पिकल्याशिवाय काढता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

एकदा माझ्या बायकोने तिची कीव येऊन ढगाळ आभाळातच "निघाला" म्हणून सांगितलं. माय जेवली. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून तिला खरं कळलं. ती रागावली नाही. मात्र तेव्हापासून चंद्र चांगला वर येऊन स्वतःला जाणवेपर्यंत ती उपाशी बसायची. मी घड्याळ लावून पाहिलं, दीड तास.

म्हणून दुर्बीण करायला घेतली. मेहकरच्या चष्मेवाल्याकडे चष्म्याची, अधिक एक नंबरची, एकच काच मागितली.

"एकच? दुसऱ्या डोळ्यानं काय करता?" तो म्हणाला.

उन्हात धरली तर सव्वा एकोणचाळीस इंचांवर ठिपका पडला. डोळ्याकडची काच घड्याळजीच्या भिंगाची, दोन इंची. म्हणजे चंद्र वीसपटीला थोडा कमीच मोठा दिसणार. नळीसाठी जुने कागद पिठाच्या खळीने मुसळावर गुंडाळले आणि नळी कंदिलाच्या काजळीने आतून काळी केली. काचेपुढे पाऊण इंच भोकाचा पुठ्ठा लावला. भोक लहान ठेवलं की चित्र नितळ दिसायचं.

"कांडायचं काय मग डोक्यानं?" बायको म्हणाली. मुसळ दोन दिवस माझ्याकडे होतं.

मार्गशीर्षातली संकष्टी आली. बाज उभी करून नळी तिला सुतळीने बांधली. चंद्र शेताच्या कडेवरून सुटला, तांबूस, कडेला पाण्यासारखा हलणारा. मी मायला पाटावर बसवून तिचा डोळा नळीला लावला.

"दिसून राह्यला," ती हळूच म्हणाली. मग मान मागे घेतली. "पण हा तर खाली चालला! मावळत्या चंद्रावर कोणी उपास सोडते काय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "माय, यात सगळं उलटं दिसते."

"तू म्हणशीन. तिनंबी 'निघाला' म्हटलंच होतं."

बायको उठली. कंदील उचलून बांधापर्यंत चालत गेली. मी नळी तिकडे वळवून मायचा डोळा पुन्हा लावला.

"वर ने वं!" माय ओरडली. आणि मला म्हणाली, "खालीच नेला तिनं."

"वरच धरला, आत्याबाई! हात दुखून राह्यला माहा!"

माय हसली. कंदील तिने दोनदा वर-खाली करवून घेतला. मग म्हणाली, "ये आता. खरं आहे तुहं."

चंद्राला पाणी दिलं, पण जेवायला ती उठेना. चंद्र तीन मिनिटांत काचेबाहेर सरके. मी नळी हलवायचो, ती पुन्हा डोळा लावायची. शेतं दुधात भिजवल्यासारखी निपचित पडली होती.

"ताट निवून राह्यलं, आत्याबाई."

"निवू दे," माय म्हणाली. "तूबी बस इथं. हे पाह्य, मोठे डाग आहेत त्याच्यावर."