अटकेपार भाऊजी

आमचे भाऊजी परगावी गेले की देवळात जात नसत, बाजारात जात नसत, ओळखीच्यांकडे तर मुळीच नाही. ते लोकांच्या फाटकांवरच्या पाट्या वाचत हिंडत. नाव काय, हुद्दा काय, पाटी पितळेची की प्लास्टिकची, स्क्रू गंजलेत की कालचे आहेत, हे सगळं मान वाकडी करून, चष्मा कपाळावर सरकवून बघायचं. कुत्री भुंकत. खिडकीतून एखादी बाई "कोण पाहिजे?" म्हणून विचारी. "कोणी नको, चालू द्या तुमचं," असं म्हणून भाऊजी पुढच्या फाटकाशी. परराज्यात भाड्याने द्यायला घर कुठे घ्यावं, याचं शास्त्र त्यांनी असं चालत चालत शोधून काढलं होतं.

भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बायको लवकर गेलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. नारायण पेठेत आमच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहत, त्याही भाड्याच्या. खालून घरमालक "पाणी किती ओतता हो?" म्हणून ओरडला की भाऊजी बादली आवाज न करता ठेवत. जन्मात स्वतःच्या मालकीची एक भिंत नव्हती. आणि हा माणूस अर्ध्या पेठेला घरं कुठे घ्यावीत ते सांगायचा! पेठेत सल्ला द्यायला अनुभवाची अट कधीच नव्हती म्हणा.

'अटकेपार' हे नाव ह्यांनी ठेवलेलं. पुण्यातले भाव आभाळाला भिडले, आता महाराष्ट्राबाहेर बघा, असं भाऊजी सांगत सुटले होते. बाहेर म्हणजे कुठे? तर त्याचाही नियम होता. "जिथे आपले घोडे पाणी प्याले, तिथेच घर घ्यावं." म्हणजे इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, फार तर तंजावर. कोणी बंगळूरचं नाव काढलं की म्हणत, "तिथे आपण टिकलो नाही." हैदराबाद? "तिथे चौथाई वसूल करताना नाकी नऊ आले होते. भाडं कोण देतंय?"

हसू नका. समोर बसून गंभीरपणे मान डोलावणारी बाई मीच होते. अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर, नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. उभा जन्म मुलांना भूगोल शिकवला आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा गावाची निवड घोड्यांवर सोपवली.

फंडाचे पैसे हातात आले होते. आमच्या राहत्या घराच्या कागदावर नाव ह्यांचं. विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या नावाने येई. ते जाऊन बरीच वर्षं झाली तरी बिल त्यांना सोडत नव्हतं. माझं नाव लग्नपत्रिकेवर छापलं होतं, त्यानंतर थेट हजेरीपटावर. मला माझ्या एकटीच्या नावाचं घर हवं होतं. आणि दर महिन्याला येणारं भाडं हवं होतं, ज्यातून कोणाला न विचारता साडी घेता येईल आणि नाही आवडली तर कोणाला न सांगता परतही करता येईल. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "जरूर घे. फक्त तो अटकेपार बोट दाखवेल त्याच्या उलट दिशेला घे."

मी अर्थातच बोटाच्या दिशेने गेले. इंदूरला.

पहिल्या दिवशी रिक्षावाल्याने आम्हाला क्लासेसच्या भागात सोडलं. खांबाखांबावर 'कमरा किराये से देना है' असे कागद चिकटवलेले, डबे घेऊन पळणारी पोरं, दर दोन घरांआड पोह्यांची गाडी. भाऊजींनी नाकाला रुमाल लावला.

"वहिनी, पाहिलंत? एकाच्याही दाराला पाटी नाही. ही माणसं उद्या उठून निघून जातील."

"बाई गं! मग नको," मी म्हणाले.

निघून जाणाऱ्या माणसालाच भाड्याचं घर लागतं, हे आम्हा दोन निवृत्त शहाण्यांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

मग सापडली ती गल्ली. दोन्ही बाजूंना कडुनिंब, चिटपाखरू नाही, आणि फाटकाफाटकावर पितळ. निवृत्त न्यायाधीश, निवृत्त प्राचार्य, एका पाटीवर तर आजोबा, मुलगा, नातू असे तिघंही. भाऊजींनी एका पाटीवरची धूळ रुमालाने पुसली. "पन्नास वर्षांत इथून कोणी हललेलं नाही, वहिनी!" मीही मान डोलावली. गल्लीच्या टोकाला चार फ्लॅटची एक इमारत होती, त्यातला एक मी घेतला. पन्नास वर्षांत जिथून कोणी हललं नाही, तिथे कोणी येणार तरी कशाला? आम्हाला वाटलं, येतील पाट्या वाचत.

आले ते चुकून आले. त्यांची मुलाखत भाऊजी माझ्या दिवाणखान्यात बसून फोनवर घेत. बँकेतलं एक जोडपं म्हणालं, बसथांबा लांब पडतो. "चालणं तब्येतीला चांगलं," भाऊजींचं उत्तर. एका नर्सबाईंना विचारलं, येण्याजाण्याच्या वेळा काय? पाळ्या ऐकल्यावर म्हणाले, "छे, आमची गल्ली जागी होईल." एक मुलगा मात्र सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं देत गेला. आई काय करते, मामा कुठले, पहाटे किती वाजता उठतोस. शेवटी तो म्हणाला, "अंकल, कमरा किराये पे दे रहे हो या लड़की?"

भाऊजींनी फोन ठेवला. "उद्धट आहे."

"नाही तर काय!" म्हणणारी पुन्हा मीच.

घर रिकामं, आणि सोसायटीचा खर्च माझ्या पेन्शनमधून. साडी राहिली बाजूला, मी ह्यांच्याकडे भाजीला पैसे मागू लागले. भाऊजी शांत. "घाई नको, वहिनी. पानिपतानंतर दहा वर्षांत आपण दिल्लीत परत होतो." परवा हे सगळं ऐकून नातू म्हणाला, "आजी, तू रेंटल यील्ड, ऑक्युपन्सी वगैरे काहीच चेक केलं नव्हतंस?" म्हटलं, "तेव्हा ते नव्हतं रे. भाऊजी होते."

मग भाऊजींची इमारतच बिल्डरकडे गेली. घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मुलगी फोनवर रोज बोलावत होती. "मी अटकेपर्यंतचा माणूस. समुद्र ओलांडायचा नाही," म्हणून तिला वाटेला लावली. पुण्यात त्यांच्या पेन्शनीत खोली मिळेना. आणि एक दिवस सकाळी ते आमच्याकडे आले, चहाला नको म्हणाले.

"वहिनी, तुमच्या इंदूरच्या जागेला भाडेकरू मिळालाय."

"कसा आहे?"

"निवृत्त. एकटा. पाणी जपून वापरतो."

"मुलाखत घ्यावी लागेल," मी म्हणाले. मला चेष्टा करायची होती. पण पाहते तर ते खुर्चीच्या कडेवर, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, खरंच उमेदवारासारखे बसले होते. मी म्हटलं, "कधी जाताय?"

भाडं वेळेवर येई, त्यामागून तक्रारीचा फोन. "वहिनी, नळ गळतोय. मालकांनी लक्ष घालायला हवं."

"भाडेकरूने वायसर बदलावा."

"करारात तसं नाही."

"मग गळू द्या."

जन्मभर घरमालकांचं जे ऐकून घेतलं, त्याचा सगळा सूड ते माझ्यावर उगवत. मी साडी घेतली. परतही केली. हे फोन कितीतरी वर्षं चालले.

मग एकदा फोन त्यांच्या शेजाऱ्यांचा आला. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, तसेच गेले. मुलीला पोचणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दोघं गेलो. सगळं उरकून इंदूरच्या त्या फ्लॅटवर आलो तर अख्खी गल्ली जमलेली. प्राचार्यांच्या सूनबाई चहाची किटली घेऊन माझ्याजवळ आल्या.

"फार सज्जन मालक मिळाले होते हो आमच्या गल्लीला. अख्खं शहर पायी फिरून हे घर पसंत केलं म्हणायचे. आयुष्यात एकच घेतलं, पण मनासारखं घेतलं, असं सांगायचे सगळ्यांना. आता या घराचं काय, काही बोलले होते का तुमच्याजवळ?"

हे काहीतरी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

"आम्हाला काय ठाऊक?" मी म्हटलं. "त्यांचं घर. मुलगी येईल, तिचं ती ठरवेल."

"ते तर झालंच," सूनबाई म्हणाल्या. "पण तुम्ही उभ्या का? बसा ना. संकोच करू नका, आपलंच घर समजा."

"हो," म्हटलं, आणि पाहुणीसारखी दाराजवळच्या खुर्चीवर बसले.