मीठ-कोळशाचा खड्डा

"हात लावू नका. डिजिटल आहे."

हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. बोलता बोलता खिशातला पांढरा रुमाल काढायचा आणि यंत्राची काच पुसायची. जणू आपण नुसतं बघितलं तरी काचेला डाग पडतो. असले शिकलेले तुम्हीही पाहिले असतील. पुस्तकाबाहेर जग असतं हेच त्यांना पटत नाही.

गिरण्यांचा संप चिघळला होता त्या सुमाराची गोष्ट. मी मुलुंडला एका कॉलेजात वायरमन होतो. शाळा चौथीपर्यंत, पण आधी गिरणीत बारा वर्षं जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळलेली. कॉलेजात पोरांना शिकवायला अणूच्या यंत्रांची नवी लॅब निघाली आणि हे रुमालवाले सर तिचे मालक झाले. यंत्र म्हणजे काय, तर एक पेटी. किरणांचा कण आला की काचेमागचा लाल आकडा एकाने पुढे. किरणं सोडणारी वस्तू शिशाच्या डबीत, आणि डबी कुलपात.

वायरिंग करताना मी म्हटलं, "सर, अर्थिंगला वेगळा खड्डा खणू. आत तांब्याची पाटी, वर मीठ-कोळसा. रोज बादलीभर पाणी घातलं की माती ओली राहील, यंत्र शांत राहील."

"मीठ-कोळसा? मला लॅब काढायचीय, खानावळ नाही!"

सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले. मास्तर हसले. मग एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्या नाकासमोर धरलं. पाण्याच्या नळाला तार बांधा, असं म्हणे त्यात लिहिलं होतं. "वायरमन, हे परदेशी लोकांनी लिहिलंय."

मला नाव होतं. ते त्यांनी कधी विचारलं नाही. बांधली तार नळाला.

लॅब मांडून झाली. डबी कुलपात असली की आकडे सावकाश सरकायला हवेत, कारण थोडी किरणं नुसत्या हवेतही असतात म्हणे. पण हे आकडे मधूनच पळत सुटायचे. सर पांढरेफटक. "डबी गळतेय! सगळे बाहेर व्हा!" पोरांना हाकललं. मला मात्र आत ठेवलं, टेबल धुवायला. साबणाने तीन वेळा धुवून घेतलं आणि स्वतः दारात उभे, नाकाला रुमाल लावून. किरणं काय वासाने येतात? म्हणे अणूचे पंडित!

विद्यापीठाची कमिटी आठ दिवसांवर आली होती. आकडे खोटे निघाले तर लॅबला मान्यता नाही, आणि सर परत पहिल्या वर्षाच्या वर्गावर खडू झिजवायला. त्यांचं जेवण सुटलं. डबा आणला तसा घरी न्यायचे. मला दया आली असं समजू नका. मला मजा येत होती. कारण मला कळलं होतं. आकडे पळायचे ते सकाळी अकराला, आणि अकराला आमचा वॉचमन रघू टाकीचा पंप चालू करायचा. पंपाचं अर्थिंगही त्याच नळाला, म्हणजे पंपाचा करंट नळातून थेट यंत्रात.

चार दिवस गप्प बसलो. विचारायला येतील म्हणून वाट बघितली. येतात कसले! पाचव्या दिवशी लॅबच्या खिडकीतून ओरडलो, "रघ्या, पंप मार!" आकडे पळाले. "बंद कर!" थांबले. "मार!" पळाले.

सर खुर्चीत बसले. बराच वेळ रुमालाची घडी घालत होते. मग म्हणाले, "खड्डा कुठे खणायचा?"

जिन्यामागे खणला. तार नळावरून काढून खड्ड्याला जोडली आणि यंत्र गरीब गाय झालं. कमिटी खूश. त्यातल्या एकाने विचारलं, "अर्थिंग कोणी केलं हो? उत्तम आहे."

सर म्हणाले, "माझंच डिझाइन."

मी तिथेच उभा होतो, हातात पक्कड. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'वायरमनने केलं' एवढे दोन शब्द हवे होते मला, जास्त नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. जिन्यामागे पाऊल टाकणंही बंद. डिझाइन तुमचं, मग बादलीही तुमची.

लगेचच मे महिना लागला आणि मी गावी गेलो, देवगडकडे. मनात म्हटलं, खड्डा सुकेल, जूनला आकडे पळतील, मग येतील नाक मुठीत धरून. परत आलो तर आकडे शांत!

"रघ्या, खड्ड्याला पाणी कोण घालतं रे?"

"तुझो सर! सुट्टीत रोज येता. टाय लावून बादली घेता आणि मातीक पाणी घालता. झाडाक नाय, मातीक! मी म्हटलंय, माका द्या. तर हात लावूक देना नाय."

एकदा वरच्या खिडकीतून बघितलं. बूट भिजू नयेत म्हणून पाय फाकवून, बदकासारखे वाकून ओतत होते. मला हसू फुटलं. पुढे सहा वर्षं एकाच इमारतीत राबलो, पण ना ते बोलले, ना मी.

सर गेले ते थंडीत, अचानक. शोकसभा लॅबमध्येच झाली. भाषणांत त्यांची बुद्धी आली, शिस्त आली, पांढरा रुमालही आला. खड्डा काही आला नाही. मी मधूनच उठलो आणि जिन्यामागे गेलो. माती कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. बादली भिंतीशी उपडी. तिच्यावर कागद चिकटवलेला, वर त्यांचं ते छापल्यासारखं अक्षर:

'लॅब अर्थिंग. वायरमनखेरीज कोणी हात लावू नये.'

एवढं लिहिलं, तर नावही लिहायचं होतं. विचारलंच नव्हतं कधी, लिहिणार कुठून?

मी बादली उचलली आणि नळाखाली धरली.