ड्रायरची हळद

तुमसरला उतरलो की उकडलेल्या धानाचा आंबूस, वाफाळलेला वास नाकात शिरतो आणि आजही माझी मान खाली जाते.

तिथल्या एका राइस मिलमध्ये मी मॅनेजर होतो. उकडलेलं धान बाया सिमेंटच्या तापलेल्या पटांगणात पसरायच्या आणि दिवसभर अनवाणी पायांनी फिरवायच्या. धान वाळवायचा ड्रायर आला तेव्हा मालक म्हणाले, "बायांना कमी करायचं आहे. पण आत्ताच बोंब नको. तू गोड बोलतोस, तूच सांग."

मी सगळ्यांना पटांगणात बसवून सांगितलं, "आता तुमच्या पायांना चटके बसणार नाहीत. उन्हातलं राबणं संपलं." एकही वाक्य खोटं नव्हतं. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं मी ते. याला मी हुशारी समजत होतो.

मशीनला पहिली हळद सगळ्यांत जुन्या बाईने लावायची, ही मिलची रीत. यशोदाबाईने ड्रायरला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि प्रसादाचं पहिलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. "बाबू, तुमी सांगून राहिले म्हंजे चांगलंच होईन आमचं." मागे उभ्या मालकांनी माझी पाठ थोपटली. खोबरं मी चावून खाल्लं.

आठ दिवसांनी बायांना फाटकातूनच परत पाठवायलाही मलाच उभं केलं. बाकीच्या ओरडल्या, रडल्या. यशोदाबाई भांडली नाही. जाता जाता म्हणाली, "बाबू, त्याच दिवशी सांगतलं असतं, तं माह्या हातानं हळद तरी नसती लावली."