मागे झुकलेली अक्षरं

“गाडी जिकडे चाललीय तिकडेच अक्षरानं झुकायचं, नाहीतर त्याला अक्षर म्हणू नका, ब्रेक म्हणा,” असं गाड्यांवर अक्षरं रंगवणारा ओपोकू न्टिम एकदा म्हणाला होता.

घानातल्या कुमासी शहरातल्या निम्म्या ट्रोट्रोंवर, म्हणजे तिथल्या शेअर मिनीबसवर, त्याचा हात फिरलेला. जाड, बिनशेपटीची, तिरकी रोमन अक्षरं. गाडीच्या उजव्या अंगाला ती उजवीकडे कललेली, डाव्या अंगाला डावीकडे. कुठूनही पाहा, तोंड पुढेच. एकतीस वर्षांत त्यानं एकाही गाडीवर स्वतःचं नाव घातलं नाही.

त्याची भाची आफ्रिये बोआडूच्या स्टिकरच्या दुकानात कामाला होती. “मामाच्या अक्षरांचे फोटो आण, आठवण म्हणून भिंतीवर लावू,” बोआडू म्हणाला. तिनं आणले. चारच महिन्यांत ती अक्षरं फॉन्ट बनून कॉम्प्युटरवर चढली आणि त्यांचं बारसंही झालं: बोआडू बोल्ड. आठवण कसली, दिवसाढवळ्या दरोडा होता तो. आणि दार तिनंच उघडून दिलेलं.

फोटो सगळे उजव्या अंगाचे होते. डावं अंग वेगळं असतं हे बोआडूच्या गावीही नव्हतं.

आज आसिएदू ड्रायव्हर तणतणत दुकानात शिरला. त्याच्या नव्या गाडीवर दोन्हीकडे ‘पुढे देव आहे’ चिकटवलं होतं.

“डावीकडनं देव मागं पळतोय रे माझा! समोरनं येणारा एकेक ड्रायव्हर विचारतो, रिव्हर्समध्येच आक्राला निघालास का?”

बोआडूनं कॉम्प्युटरवर अक्षरं उलटी कलवून पाहिली. गोल अक्षरं चेपलेल्या वांग्यांसारखी दिसू लागली. शेवटी त्यानं मामाला बोलावणं धाडलं.

ओपोकू आला. डाव्या अंगावरचं स्टिकर त्यानं नखानं सोलून काढलं आणि ब्रश बोटांवर घासून पाहिला.

“मास्तर, एवढी डावी बाजू मारून द्या,” बोआडू म्हणाला. “म्हणाल ते देतो.”

“पैसे नकोत. त्या अक्षरांना माझं नाव दे.”

बोआडू हसला. “मास्तर, अक्षरांना कुठं बाप असतो? एबीसीडी काय तुम्ही काढली?”

“मग तुमचं नाव का हो लावलंत?” आफ्रियेचा आवाज फाटला. “फोटो मी काढले. अक्षरं मामाची आहेत. सांगा की आसिएदूला!”

“तू गप गं! पगार कोण देतं तुला?”

आसिएदू जमिनीकडे बघत राहिला. त्याला गाडी हवी होती, तीही आजच.

“मामा, बोल ना काहीतरी,” आफ्रिये म्हणाली.

गाडीचं डावं अंग कोरं होतं. ओपोकूनं त्यावरून एकदा तळहात फिरवला, तिथं अक्षरं कशी बसली असती ते मोजल्यासारखा. मग कोरडाच ब्रश फडक्यात गुंडाळून खिशात घातला आणि तो चालू लागला.